रेप्लिकातला पसारा काढणारा पर्याय कसा ठरवावा

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस प्रणालीची फिजिकल रेप्लिका म्हणजे मूळ सर्व्हरची हुबेहूब नक्कल, त्यामुळे टेबलांसोबत पब्लिकेशन्सही (कोणत्या टेबलांतले बदल दुसऱ्या सर्व्हरला पाठवायचे, याची नोंद) तिच्यात येतात. 17व्या आवृत्तीत आलेलं पीजी_क्रिएटसबस्क्रायबर हे टूल अशा रेप्लिकाचा लॉजिकल सबस्क्रायबर, म्हणजे पब्लिकेशनमधले बदल घेणारा स्वतंत्र सर्व्हर, बनवतं. मात्र मूळ सर्व्हरवरून आलेली जुनी पब्लिकेशन्स तिथे बिनकामाची पडून राहायची. 18व्या आवृत्तीत ती काढायची सोय झाली. तुमच्या टूलला असा पर्याय (कमांडसोबत लिहायचा ‘--’ने सुरू होणारा शब्द) द्यायचा असेल, तर हे उदाहरण समोर ठेवा.

सुरुवात नावापासून करा. त्या पर्यायाचं नाव आधी ‘--रिमूव्ह’ होतं, नंतर ‘--क्लीन’ केलं, कारण पीजी_डंप आणि पीजी_रिस्टोअर या बॅकअप घेणाऱ्या आणि परत भरणाऱ्या टूल्समध्ये तो शब्द आधीपासून रुळलेला आहे. नवा शब्द शोधण्यापेक्षा वापरणाऱ्याच्या बोटांना सवयीचा शब्द बरा.

मग किंमत, म्हणजे पर्यायाच्या नावापुढे ‘=’ लावून दिलेला शब्द. ‘--पब्लिकेशन्स-काढा’, ‘--सबस्क्रिप्शन्स-काढा’ अशी रांग लावू नका. एकच पर्याय ठेवा आणि प्रकार किंमत म्हणून घ्या: ‘--क्लीन=पब्लिकेशन्स’. आज एकच प्रकार चालत असला तरी उद्या दुसरा जोडताना जुन्या स्क्रिप्ट मोडत नाहीत. किंमत न देता नुसतं ‘--क्लीन’ लिहिलं तर ‘सगळं काढा’ असा अर्थ कधीच लावू नका. अनोळखी प्रकार किंवा तोच प्रकार दोनदा आला, तर सर्व्हरला हात लावण्याआधीच थांबा आणि चालणारे प्रकार संदेशात सांगा. आणि पर्याय दिलाच नसेल, तर त्या जुन्या पब्लिकेशन्सना हात लावू नका.

खरी मेहनत ड्राय-रनवर, म्हणजे काहीही न बदलता काय होईल ते दाखवणाऱ्या रंगीत तालमीवर घ्या. ‘3 पब्लिकेशन्स काढली जातील’ या ओळीचा काही उपयोग नाही. मला असं दिसायला हवं:

ड्राय-रन: डेटाबेस "हिशेब", पब्लिकेशन "जुनी_नोंद" काढलं जाईल

वस्तूगणिक एक ओळ, डेटाबेसच्या नावासह. ही यादी आणि प्रत्यक्ष काढायची यादी एकाच फंक्शनमधून यायला हवी. दोन ठिकाणी लिहिली, की कधीतरी दोघींचं फाटतंच. मधेच ‘नक्की काढू का?’ विचारायचा मोह टाळा, अशी टूल्स बहुतेकदा स्क्रिप्टमधूनच चालतात. त्याऐवजी पब्लिकेशन्सच्या व्याख्या आधी पीजी_डंपने जतन करून ठेवायला मदत-मजकुरातच सांगा.

क्रमही चुकवू नका. स्टँडबाय असताना, म्हणजे मूळ सर्व्हरमागे चालत असताना, रेप्लिका फक्त वाचता येते, म्हणून ड्रॉप (काढून टाकण्याची आज्ञा) प्रमोशननंतरच, म्हणजे ती स्वतंत्र सर्व्हर झाल्यावरच चालतो. तोही फक्त रेप्लिकावर आणि दिलेल्या डेटाबेसांपुरता, कारण पब्लिकेशन ही डेटाबेसगणिक वेगळी वस्तू आहे.

चाचणीसाठी दोन डेटाबेस घ्या, दोन्हींत पब्लिकेशन ठेवा, पण टूलला एकाचंच नाव द्या. नंतर दोन्हीकडे पीजी_पब्लिकेशन कॅटलॉग, म्हणजे पब्लिकेशन्सची नोंद ठेवणारं सर्व्हरचं टेबल, उघडून बघा. दुसऱ्यातलं आणि मूळ सर्व्हरवरचं जुनं पब्लिकेशन जिथल्या तिथे दिसलं पाहिजे.