सालगड्यासाठी शेतात घर बांधताय? या चुका टाळा

बागायतीत बारा महिने माणूस हवा असेल, तर त्याला बायका-मुलांसह राहता येईल असं घर द्यायलाच हवं. पत्र्याचं खोपट, दाराशी फवारणीचे डबे आणि रात्री अंधार, अशा ठिकाणी कुणी संसार मांडावा ही अपेक्षाच चुकीची आहे. पण घर द्यायची मनापासून इच्छा असलेले शेतकरीही अडतात ते कागदावर, आणि तेही जोतं वर आल्यानंतर.

आधी मालकाचा बंगला, मग गड्याचं बघू

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम २(९) मध्ये शेतावरची इमारत कशाला म्हणायचं ते दिलं आहे. अवजारं, खत, वैरण ठेवणं, शेतमाल साठवणं, जनावरं बांधणं आणि राहणं ही त्यातली मुख्य कारणं. राहण्याच्या कारणात खातेदाराचं कुटुंब, त्याचे नोकर आणि कुळं असे तिघेही एकाच ओळीत आहेत. आणि अशी इमारत बांधायची परवानगी कलम ४१ खाली मिळते ती प्रत्येक कारणासाठी एकाच इमारतीला. म्हणजे शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी बंगला बांधून झाला, की राहण्याचं कारण तिथेच संपलं. पुढे गड्यासाठी वेगळं घर मागायला गेलात, तर फाईल इथेच अडकते.

म्हणून दोघांचा विचार पहिल्याच नकाशात करा. एकच जोतं, पण दोन स्वतंत्र दारं, दोन स्वयंपाकघरं, दोन संडास. गड्याच्या बाजूवर ‘नोकरांसाठी निवास’ असं स्वच्छ लिहा. माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याच्या नकाशावर या खोलीला ‘स्टोअर’ असं नाव होतं. नकाशा काढणाऱ्याने सांगितलं होतं, की नाव काहीही दिलं तरी चालतं. तलाठी स्थळ पाहणीला आले, तेव्हा त्या ‘स्टोअर’मध्ये चूल पेटलेली होती आणि आढ्याला बाळाची झोळी बांधलेली होती. पंचनाम्यात जे दिसलं तेच लिहिलं गेलं आणि प्रकरण परत आलं. बाळाच्या आईला वाटत राहिलं, की आपल्यामुळेच मालकाचं काम अडलं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मोजमाप नव्या घराचंच धरणं

जिथे परवानगी लागते (कुठे लागते ते पुढे येईलच), तिथे ०.४ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्रावर ती मिळत नाही. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, त्यामुळे एकरभर जमीन जेमतेम बसते. त्यातले एक-दोन गुंठे रस्त्याला गेले असतील आणि सातबाऱ्यावर ०.३९ आलं असेल, तर आधीच थांबा.

०.४ ते ०.६ हेक्टरपर्यंत जोत्याचं एकूण क्षेत्र १५० चौरस मीटरच्या वर जाता कामा नये. त्यापुढे धारण क्षेत्राचा चाळिसावा भाग किंवा ४०० चौरस मीटर, यातलं जे कमी ते. राहण्याची इमारत मात्र जमीन कितीही असली तरी १५० चौरस मीटरपर्यंतच. उंची जोत्यापासून ५ मीटर, आणि फक्त तळमजला.

लोक चुकतात ते ‘एकूण’ या शब्दावर. त्यात आधीच उभा असलेला गोठा आणि शेडही मोजले जातात. समजा, जमीन एक हेक्टर आहे, म्हणजे मर्यादा २५० चौरस मीटर. गोठा १३० आणि शेड ८० असेल, तर घराला उरतात ४०. अर्ज करण्याआधी टेप घेऊन सगळ्याच जोत्यांची मापं घ्या.

‘आमचं गाव शहरापासून लांब आहे’

मुंबई, पुणे, नागपूर महापालिकांच्या हद्दीबाहेर ८ किलोमीटरपर्यंत परवानगी लागते, इतर शहरांभोवती पट्टा लहान आहे. हे अनेकांना माहीत असतं. पण गाव प्रादेशिक योजनेत, म्हणजे जमिनीच्या वापरासाठी आखलेल्या सरकारी आराखड्यात असेल, तर शहर कितीही लांब असलं तरी परवानगी लागतेच. नगररचना कार्यालयात गट नंबर देऊन आधी खात्री करा. नदीकाठची जमीन असेल, तर पूररेषाही तपासा. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या आतल्या पूररेषेच्या आत घर बांधूच नका. तिथे झोपणारी माणसं तुमच्या भरवशावर असतात.

सातबारा न वाचता अर्ज

भोगवटादार वर्ग २ असेल, म्हणजे जमीन सरकारी अटींवर धारण केलेली असेल, तर जमिनीच्या मूळ अटी आधी पाहा. खातं सामाईक असेल, तर भावांची संमती लेखी घ्या. बांधावर तोंडी ‘हो’ म्हणालेला भाऊ चौकशीत गप्प बसतो. पीकपाहणीत जमीन पडीक दिसत असेल, तर शेतीसाठी राहता माणूस हवा हे पटवणं अवघड जातं.

ग्रामपंचायतीची घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, हाही गैरसमजच. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, बांधकाम परवानगी नव्हे. आणि गडी सोडून गेल्यावर त्या खोल्या कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने दिल्या, तर शेतीचं कारणच उरत नाही. तो विनापरवाना बिनशेती वापर ठरून दंड बसतो.

पंपाच्या लाईनवरून घराला वायर

कृषिपंपाच्या जोडणीवरून घराचे दिवे लावणं हा मंजूर कारणाबाहेरचा वीजवापर आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली त्याची आकारणी होते. शिवाय शेतीची लाईन पाळीने येते, त्यामुळे ऐन रात्री घर अंधारात आणि पायाखाली विंचू-साप. घरगुती जोडणीचा अर्ज वेगळा करा, आणि तो घराला रंग देईपर्यंत लांबवू नका. खांब लांब असेल, तर वीज यायला वेळ लागतो आणि तोवर ते कुटुंब चिमणीच्या उजेडात स्वयंपाक करत राहतं.