जुन्या ट्रेनर विमानातल्या टाक्या कशा सांभाळायच्या, फ्लाइंग सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्यात क्लास लावून डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक खात्याचे) पेपर काढलेत आणि आता बारामतीला किंवा अजून कुठे फ्लाइंग सुरू होणार असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, तुमचं ट्रेनर विमान तुमच्यापेक्षा वयाने मोठं असू शकतं. सेसना १५२ बनवणं १९८५ मध्येच बंद झालंय, त्यामुळे जी उडतायत ती सगळी त्याआधीचीच. इंजिन ओव्हरहॉल होतं, रंग नवीन लागतो, पण फ्युएल गेजची सुई मात्र स्वतःच्या मूडवर चालते.

१५२ वर शिकलात तर टाकीचा विचार करायची सवयच लागत नाही. पंख वर, टाक्या पंखांतच, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं, आणि व्हॉल्व्ह फक्त चालू किंवा बंद. सेसना १७२ ला लेफ्ट, राइट, बोथ (दोन्ही टाक्या) असतं पण टेकऑफ लँडिंगला बोथच ठेवायचं असतं म्हणून तो नॉब पण लोक विसरून जातात (उतारावर पार्क करताना तेवढा लेफ्ट किंवा राइटला ठेवा, नाहीतर वरच्या बाजूचं पेट्रोल हळूहळू खालच्या टाकीत जातं). खरी मजा पायपर चेरोकी किंवा वॉरियरवर आल्यावर कळते. पंख खाली, टाक्या इंजिनच्या खाली, पेट्रोल पंपाने ओढावं लागतं आणि बोथ नावाचा प्रकारच नाही. का नाही तर दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि त्यातली एक आधी रिकामी झाली की पंप त्या रिकाम्या टाकीतून हवाच ओढत बसणार, दुसरीत अर्धं पेट्रोल असलं तरी. म्हणून टाकी बदलायचं काम आपलं. जुन्या स्कूटरचा रिझर्व्हचा कॉक ज्यांनी फिरवलाय त्यांना लगेच समजेल, फक्त कर्वे रोडला गाडी बंद पडली तर कडेला घेता येते.

मी हे घड्याळावर चालवतो, सुईवर नाही. दर अर्ध्या तासाला टाकी बदलायची आणि नीपॅडवर (मांडीवर बांधायच्या वहीवर) वेळ आणि टाकी दोन्ही लिहायचं, कारण डोक्यात ठेवलेलं आरटीवर (रेडिओवर) बोलता बोलता उडून जातं. बदलताना आधी बूस्ट पंप (विजेवर चालणारा जादा पंप) ऑन, मग सिलेक्टर (टाकी निवडायचा नॉब), आणि खटका बोटांना जाणवला पाहिजे, नुसतं बघून पुढे जाऊ नका, जुन्या सिलेक्टरचा बाण दाखवतो एक आणि व्हॉल्व्ह अर्धवट मध्येच अडकलेला असू शकतो. मग फ्युएल प्रेशर बघा, थोडं थांबा, पंप ऑफ, परत प्रेशर. हे सगळं उंची हातात असताना, फायनलवर (उतरायच्या शेवटच्या टप्प्यावर) नाही.

टेकऑफच्या आधी शेवटच्या क्षणी टाकी बदलायची तर अजिबातच नाही. लायनीत आणि कार्ब्युरेटरमध्ये एवढं पेट्रोल असतं की सिलेक्टर चुकीच्या जागी असला तरी टॅक्सी होते, कधी कधी चाकं पण उचलली जातात, आणि मग दोनशे फुटांवर शांतता. ज्या टाकीवर रनअप (टेकऑफआधीची इंजिनची तपासणी) केला तिच्यावरच टेकऑफ, विषय संपला.

किती पेट्रोल आहे हे डिपस्टिकनेच (टाकीत बुडवायच्या खुणांच्या पट्टीने) बघायचं, आणि त्याच विमानाच्या डिपस्टिकने. १७२ एन च्या साध्या टाक्यांत ४३ गॅलन बसतं पण वापरता येतं ४०, म्हणजे साधारण १५१ लिटर. बाउझरवाला (पेट्रोलच्या टँकरवाला) लिटरमध्ये सांगणार, मॅन्युअल गॅलनमध्ये, तेव्हा ३.७८५ ने गुणायचं पाठ करून टाका. तासाला आठेक गॅलन धरलं तर कागदावर पाच तास होतात, पण ते मिक्श्चर नीट लीन केलं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी केलं) तर. अख्खा क्रॉसकंट्री (लांबचा प्रवास) फुल रिच (पेट्रोल जास्तीत जास्त ठेवून) उडवलात तर ते आकडे विसरा. मी स्वतः एक तासाचं पेट्रोल शिल्लक धरूनच उतरतो, कोणी घाबरट म्हणालं तर म्हणू दे.

पावसाळ्यात पाण्याचं बघा. जुन्या झाकणांचे रबरी ओ-रिंग कडक होतात, रात्रभर पाऊस झाला की पाणी आत. सकाळी सगळ्या ड्रेनमधून (तळाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून) कपात सॅम्पल काढा. हंड्रेड एलएल (विमानाचं पेट्रोल) निळसर असतं आणि पाणी त्याच्या खाली बसतं, मध्ये रेघ दिसते. पण कपात नुसतंच पाणी आलं तर रेघ दिसणारच नाही, सगळं एकसारखं स्वच्छ, आणि पोरं ओके म्हणून निघतात. रंग बघा, वास घ्या. (हडपसरच्या ग्लायडरवाल्यांची मजा आहे, त्यांना यातलं काहीच नाही.)

सिलेक्टर कुठे आहे तेही डोळे मिटून हाताला सापडलं पाहिजे. १९९७ मध्ये गायक जॉन डेनव्हर गेला तो अपघात वाचा. त्याच्या लाँग-ईझी या छोट्या विमानात सिलेक्टर डाव्या खांद्याच्या मागे बसवला होता, तो फिरवायला मागे वळताना पाय रडरवर दाबला गेला आणि ताबा सुटला असं तपासात निघालं, आणि निघायच्या आधी पेट्रोल भरलं नव्हतं हेही.

आणि हवेत इंजिन खोकलंच तर आधी नाक खाली करून ग्लाइड स्पीड, मग दुसरी टाकी, पंप ऑन, मिक्श्चर रिच, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा). लाइन कोरडी पडली असेल तर इंजिन परत धरायला काही सेकंद घेतं, लोक तेवढ्यात घाबरून सिलेक्टर परत जुन्या टाकीवर नेतात. नेऊ नका, तेवढ्या वेळात खाली शेत निवडा.