रेडिमेड प्लॅन आपल्या प्लॉटवर बसेल का?

नेटवरच्या घराच्या प्लॅनवर '३०×४०' लिहिलेलं असतं. ते माप प्लॉटचं की बांधकामाचं, हे आधी बघा. कोल्हापुरात चौकोनी एक गुंठा म्हणजे ३३×३३ फूट, १,०८९ चौरस फूट. ३०×४० चं बांधकाम त्यात मुळातच मावत नाही.

प्लॉटच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्ण वेगळे आले, तर कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाहीत. मोजणी नकाशाशी ताळा घ्या, नियमाप्रमाणे चारी बाजूंनी मोकळी सोडायची जागा (सामासिक अंतरं) वजा करा आणि उरलेल्या जागेत फक्कीने प्लॅन आखा. बाहेरच्या भिंती ९ इंची धरा. बऱ्याच प्लॅनमध्ये खोल्यांची आतली मापंच दिलेली असतात आणि भिंतींची जाडी हिशेबातून निसटते.

फसवणूक जास्त होते ती जिन्यात. मजला १० फुटी, म्हणजे १२० इंच. पावणेसात इंचाच्या आत चढ (एका पायरीची उंची) ठेवायचा तर १८ चढ. दोन फेऱ्यांत ९-९. प्रत्येक फेरीत १० इंची ८ पायऱ्या, म्हणजे ६ फूट ८ इंच. त्यात वळायची ३ फुटी सपाट जागा (लँडिंग) धरून ९ फूट ८ इंच, शिवाय खाली उभं राहायला जागा. प्लॅनमध्ये ७ फुटी चौकट दाखवली असेल, तर तो जिना कागदावरच चढायचा.

प्लॅन आरशासारखा उलटवून मिळतो खरा, पण पूर्व-पश्चिम उलटली की आग्नेयेचं स्वयंपाकघर नैर्ऋत्येला जातं. घरात वास्तू पाळत असाल तर हे आधीच बोलून घ्या.

पंचगंगेच्या बाजूचा प्लॉट असेल तर पूररेषा बघितल्याशिवाय प्लॅन निवडूच नये. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं, शेजारी विचारा. जोतं ३ फूट उचललं तर ६ इंची सहा चढ लागतात आणि पुढचे पाचेक फूट पायऱ्यांत जातात. हॉलच्या पातळीत दाखवलेला गाडीचा पोर्च तेव्हा रस्त्याच्या पातळीतच ठेवावा लागतो.

प्लॅनसोबत आलेला फुटिंगचा (पायाचा) कागद मात्र वापरू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतींना तडे जातात ते त्यामुळे. खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, फुटिंग त्यांनीच काढावं.

दार, खिडकी, एखादी आडभिंत बदलून भागत असेल तर प्लॅन घ्या. कॉलम, जिना किंवा संडास-बाथरूम हलवावं लागलं, की बीम, स्लॅब आणि ड्रेनेज सगळंच बदलतं. मग नवा प्लॅन काढून घेणंच स्वस्त. परवानगीच्या नकाशावर परवानाधारक आर्किटेक्टची किंवा इंजिनिअरची सही तशीही लागतेच.