दोनशेतली एक घेताय? मग या चुका टाळा

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी ‘व्हीआरएस घेतली’ म्हणालं की जुनी माणसं विचारतात, ‘कुठल्या बँकेतून?’ स्वेच्छानिवृत्ती नव्हे हो, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. गाडीवेडी पोरं तिला व्हीआरएसच म्हणतात. गेली काही वर्षं ही गाडी सेकंडहँड घेणारे, घ्यायला निघालेले आणि घेऊन पस्तावलेले असे तिन्ही प्रकारचे लोक माझ्या गाडीदुरुस्तीच्या शेडमध्ये येऊन बसतात. चुका त्याच त्या. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदा लिहून टाकतो.

पहिली चूक: कुठली आरएस हेच माहीत नसणं

आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. स्कोडानं ही दोन अक्षरं १९७४ च्या १८० आरएस आणि २०० आरएस या रॅलीच्या गाड्यांना लावली. त्यानंतरच्या १३० आरएसनं १९७७ ला माँटे कार्लो रॅलीत आपल्या गटात बाजी मारली. ऑक्टाव्हियाला हे नाव २००० साली मिळालं. पुढं २०११ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर खास तयार केलेली एक ऑक्टाव्हिया ताशी ३६५ किलोमीटरनं पळाली. हा आकडा ऐकून ‘आपली पण जाईल काय?’ असं विचारणारे मला भेटलेत. नाही जाणार.

भारतातला हिशेब वेगळा. पहिली आरएस आली ती १.८ टर्बोवाली, दीडशे हॉर्सपॉवरची. २०११ ला लॉरा आरएस आली, तिचं इंजिन साध्या १.८ लॉराचंच, १६० चं. बंपर, बसकण आणि स्टिकर यांची आरएस म्हणा हवं तर. गाडी वाईट नाही, पण ‘आरएस आहे’ म्हणून कुणी चार पैसे जास्त मागत असेल तर नमस्कार करून बाहेर या. खरी मजा २०१७ ला आली: दोन लिटर, २३० हॉर्सपॉवर, सहा गिअरची डीएसजी (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा डबा) आणि किंमत २४.६२ लाख. त्यानंतर २०२० ची आरएस २४५. संपूर्ण देशाला मोजून २०० गाड्या, ३५.९९ लाखांना, बाहेरून तयार होऊन आलेल्या. २४५ हॉर्सपॉवर, ३७० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर), सात गिअर, शंभरचा वेग ६.६ सेकंदांत. २०२५ ला फक्त १०० गाड्यांचा लॉट आला, २६५ हॉर्सपॉवरचा. त्याची किंमत ४९.९९ लाख. ती जाहीर होण्याआधीच बुकिंग संपलं होतं.

दोनशेच का? २०१८ ला सरकारनं नियम सैल केला. वर्षाला अडीच हजारांपर्यंत गाड्या इथं वेगळी मान्यता-चाचणी न करता आणता येऊ लागल्या. त्या फटीतून या गाड्या आत आल्या. थोडक्यात, इथं कारखान्यात पुन्हा बनणार नाहीत आणि सुट्या भागांचा ढीगही कुठं पडलेला नाही. घेणारा नेमकं हेच विसरतो.

दुसरी चूक: पाण्यातली गाडी

हिच्यावर मी जरा जास्त बोलणार. कोल्हापुरात राहून ज्याला पूर कळत नाही त्यानं महागडी जुनी गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळेतलं पोर सांगतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शाहूपुरी-नागाळा पार्कात तळमजले बुडाले. गाड्या पण बुडाल्याच की. मग त्या गेल्या कुठं? धुऊन, पुसून, अत्तर मारून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या आपल्याकडं आल्या.

इचलकरंजीचा एक पोरगा, घरचे यंत्रमाग, हाताशी पैसा. निळ्या रंगाची २४५ बघून आला होता आणि दोन लाख विसार देऊन मग मला फोन. आधी विसार, मग तपासणी! हा क्रम कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे. गाडी शेडमध्ये आली. बाहेरून आरसा. आत बसलो तर उदबत्ती आणि लिंबाचा सुगंधी फवारा यांचं मिश्रण. नव्या गाडीला उदबत्ती एकदाच लावतात, पूजेला. इथं कुणीतरी रोज लावत होतं.

मी इंजिन उघडत बसलो नाही. पुढचा सीटबेल्ट ओढला. नेहमी लोक वीतभर ओढतात आणि सोडतात. मी शेवटपर्यंत, रीळ रिकामं होईतो ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चहाच्या कपाच्या तळाला राहते तशी तपकिरी रेघ, आणि बोट फिरवलं तर बारीक माती. मग मागचा बाक उचलला, बोल्टांवर गंज. स्टेपनीच्या खड्ड्यात फोमच्या खाली नखात येईल इतका गाळ. स्कॅनर लावला तर सगळे फॉल्ट पुसलेले, एकही जुनी नोंद नाही. पाच वर्षांच्या गाडीत एकही नोंद नसणं हीच नोंद.

पोराला म्हटलं, ‘विसार सोड. दोन लाखांत सुटलास असं समज.’

तो म्हणाला, ‘सर, दोनशेतली एक हाय. परत मिळायची न्हाई.’

‘आरं मर्दा, दोनशेतली असू दे, पण ती पोहून आलीया.’

घेतलीच त्यानं. आठ महिन्यांनी किणी टोलनाक्याजवळून रात्री फोन. गिअर पडत नाही, डॅशबोर्डवर दिव्यांची आरास. फ्लॅटबेडवर घालून आणली. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर बादलीत ताक. पाणी आत जाऊन बसलं होतं, गिअर टाकणारा मेकॅट्रॉनिक युनिट संपला होता. दुसरा मिळेपर्यंत ती दोनशेतली एक माझ्या शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. मी पाण्याच्या बाटल्या ठेवायला तिच्या बॉनेटचा वापर करायचो. रागानं नाही, जागाच नव्हती.

म्हणून माझी सवय सांगतो: सीटबेल्ट, मागच्या बाकाचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा. दहा मिनिटं लागतात. त्याआधी विम्याच्या क्लेमचा इतिहास मागायचा. विकणारा ‘कागद गावाकडं हाईत’ म्हणाला तर आपणही गावाकडं जायचं. आणि गाडी घेतल्यावर विम्यात इंजिन संरक्षणाचं जोड-कलम घ्यायला विसरू नका. पाण्यात इंजिन चालू करून कनेक्टिंग रॉड वाकला तर साधा विमा सहसा हात वर करतो.

बिल्ला बदललेल्या गाड्या

याला फार वेळ देत नाही. आरसीवर घनक्षमता बघा. २०१७ आणि २०२० च्या आरएसचं इंजिन १९८४ सीसीचं. त्या म्हणून दाखवलेल्या गाडीची आरसी १७९८ म्हणत असेल तर मागं लावलेलं हिरवं-लाल चिन्ह कुणीतरी चिकटवलंय.

तिसरी चूक: तेलाबद्दलचा भोळेपणा

साध्या १.८ ऑक्टाव्हियाची डीएसजी कोरड्या क्लचची. आरएसची ओल्या क्लचची, म्हणजे क्लच तेलात बुडालेला. तेल जुनं झालं की क्लच जातो. सहा गिअरवाल्याला कंपनीच ६०,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगते. सात गिअरवाल्याच्या बाबतीत मी पुस्तकात बघत बसत नाही, त्याचंही ६०,००० लाच काढतो. कोल्हापूरच्या दुपारी महाद्वार रोडला अर्धा तास रांगत नेलेल्या गाडीला युरोपचं पुस्तक लागू होत नाही.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. २४५ मध्ये पुढच्या चाकांसाठी व्हीएक्यू नावाचं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक आहे. वळणात आतलं चाक नुसतं फिरायला लागलं की ते ताकद बाहेरच्या चाकाकडं ढकलतं. आंबा घाटात ओल्या वळणावर गाडी नाक आत खेचते ते त्यामुळंच. त्याचं तेल वेगळं आणि बदलायचंही वेगळं. गिअरबॉक्सचं तेल बदललं म्हणून ते बदललं असं होत नाही. मी तीन वर्षांनी काढतो. दरवेळी काळं निघतं.

कूलंट कमी झालं म्हणून नळाचं पाणी ओतणाऱ्यांविषयी काही बोलत नाही. या इंजिनाचा थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं घर प्लॅस्टिकचं असतं. तिथून झिरपलं की खाली गुलाबी वाळका डाग पडतो. टॉर्च लावून डाग शोधा, पाणी ओतून लपवू नका.

चौथी चूक: पहिल्याच महिन्यात रिमॅप

गाडी घरात येऊन पंधरा दिवस झालेले नसतात आणि पोरगं विचारतं, ‘स्टेज वन करू काय?’ म्हणजे रिमॅपची पहिली पायरी, इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं. अरे, आधी आहे ती ताकद तरी वापरून बघ! इंजिन ३७० न्यूटन-मीटर देतं, सात गिअरचा डबा साधारण ४२० साठी बनवलेला. लॅपटॉप घेऊन येणारा माणूस त्याच्याही वरचे आकडे दाखवतो आणि पैसे घेऊन निघून जातो. घसरणारा क्लच घेऊन तुम्ही माझ्याकडं येता. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारलं जातं, त्यामुळं आत येणाऱ्या व्हॉल्व्हवर काजळी साठते. त्या काजळीसकट, जुन्या स्पार्क प्लगांसकट रिमॅप करणं म्हणजे सर्दी झालेल्या पैलवानाला आखाड्यात उतरवणं. माझा क्रम ठरलेला: प्लग, कॉइल, व्हॉल्व्हची सफाई, दोन्ही तेलं, आणि सहा महिने थांबा. सहा महिन्यांनंतर दहातले आठजण विसरून जातात.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर? मोटार वाहन कायद्याचं गाडीत फेरफार करण्यावरचं कलम ५२ वाचा आणि मग शेजाऱ्याच्या आजीचा चेहरा आठवा.

टायर अठरा इंची, ४० च्या प्रोफाइलचे. पावसाळ्यानंतर आठवड्याला एकदा बाजूनं हात फिरवा, फुगा आलेला डोळ्याआधी हाताला कळतो.

शेवटची: झाकून ठेवणं

दुर्मिळ म्हणून गाडी देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी ठेवतात. दसऱ्याला छत्रपती सरकारांची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते ते बघून यांनाही वाटतं, आपली पण वर्षातनं एकदाच काढायची. त्या मेबॅकची देखभाल करायला माणसं आहेत. तुमच्याकडं उंदीर आहेत. गेल्या उन्हाळ्यात एकाची वायरिंग कुरतडलेली आणली. त्यानं बॉनेटमध्ये निपाणीच्या तंबाखूच्या पुड्या ठेवल्या होत्या. उंदरानं पुड्या बाजूला सारून घरटं केलं होतं.

नुसती चालू करून पाच मिनिटांत बंद करणं त्याहून वाईट. रंकाळ्याला एक फेरी मारूनही तेल नीट तापत नाही. माझ्याकडं एक २०१७ ची आहे. रविवारी सकाळी सहाला काढतो, पहिले दहा किलोमीटर म्हाताऱ्यासारखी चालवतो, मग हायवेला थोडी मोकळी सोडतो. कागलला चहा आणि तिथूनच माघारी. पुढं कोगनोळीचा टोल लागतो.