हाय-एंड गेमिंग पीसीसाठी कॅबिनेट आणि कूलिंग कसं निवडायचं

बहुतेक जण आधी कॅबिनेट पसंत करतात, मग त्यात बसेल असा कूलर शोधतात आणि ग्राफिक्स कार्डाचा विचार सगळ्यात शेवटी करतात. क्रम नेमका उलटा हवा. गेमिंग पीसीत सर्वाधिक उष्णता ग्राफिक्स कार्ड निर्माण करतं, आणि त्यातली बहुतेक कॅबिनेटच्या आतच सोडतं. आरटीएक्स ४०९० ची वीजमर्यादा ४५० वॅट आहे, ५०९० ची ५७५ वॅट. त्यांच्या शेजारी रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर जास्तीत जास्त १६२ वॅट ओढतो, आणि गेम खेळताना बहुतेक वेळा शंभराच्याही खाली असतो. कोअर आय९-१४९००के ची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे खरी, पण तो आकडा रेंडरिंगसारख्या कामात सगळे कोअर एकदम राबतात तेव्हाचा. त्यामुळे कार्डाला थंड हवा कुठून मिळणार, हा पहिला प्रश्न. प्रोसेसरचा कूलर त्यानंतर.

किती हवा लागते याचा हिशोब सोपा आहे. ७०० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा फार तर १० अंशांनी गरम होऊ द्यायची, तर दर सेकंदाला साधारण ५८ लिटर हवा आरपार जायला हवी. पंख्यांच्या भाषेत हे सुमारे १२३ सीएफएम (दर मिनिटाला घनफूट). खोक्यावर ६० सीएफएम लिहिलेला पंखा मोकळ्या हवेत तेवढी हवा देतो. जाळी, धुळीचा फिल्टर आणि समोरच्या अडथळ्यांतून त्यातली बरीच गळते. म्हणून दोन पंख्यांवर भागेल असं कागदावर दिसलं, तरी आत हवा घेणारे तीन पंखे धरूनच चला.

पुढची बाजू आधी बघा

पुढून अखंड काच आणि कडेला बोटभर फट असलेलं कॅबिनेट या वर्गातल्या पीसीसाठी घेऊ नका. पंखे कितीही चांगले बसवा, त्या फटीतून जेवढी हवा येईल तेवढीच आत जाणार. पंखे जोरात फिरतील, आवाज वाढेल, कार्ड मात्र गरमच राहील. जाळीचं पॅनल असेल तर ते काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं सहज दिसलं तर हवाही सहज जाते. बारीक भोकांच्या जाळीमागे पुन्हा वेगळा नायलॉन फिल्टर असेल तर दोन्ही मिळून हवा अडवतात. अशा वेळी एकच ठेवावा.

फ्रॅक्टल डिझाइनचं टॉरेंट या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. पुढे १८० मिमीचे दोन पंखे आहेत आणि पॉवर सप्लाय वर हलवल्यामुळे तळातूनही थेट कार्डाकडे हवा येते. लिआन लीच्या ओ११ डायनॅमिक पद्धतीच्या कॅबिनेटचं गणित वेगळं. पुढे आणि बाजूला काच असल्यामुळे हवा तळातून आणि मदरबोर्डाशेजारच्या भिंतीतून घ्यावी लागते. तळाला तीन पंखे लावले तर कार्डाचं तापमान उत्तम राहतं, कारण ते कार्डाच्या पंख्यांच्या अगदी खाली असतात. तळ रिकामा सोडला तर हेच कॅबिनेट साध्या जाळीच्या कॅबिनेटपेक्षा मागे पडतं. हे घ्यायचं ठरवलं तर तळाच्या पंख्यांचे पैसे कॅबिनेटच्या किमतीतच धरा.

मापं: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

मदरबोर्डाचं माप सहसा अडत नाही. नेहमीचा एटीएक्स आकाराचा बोर्ड ३०५ × २४४ मिमी असतो आणि तो बसतोच. अडतं ते कार्ड, रेडिएटर (लिक्विड कूलरमधला द्रव थंड करणारा, पंखे लावलेला भाग) आणि बाजूची काच यांच्यात.

लांबी. कॅबिनेटच्या माहितीत ‘जीपीयू ४०० मिमीपर्यंत’ असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा बहुधा पुढे रेडिएटर नसताना मोजलेला असतो. नेहमीच्या एआयओचा (तयार, बंद लिक्विड कूलरचा) रेडिएटर २७ मिमी जाड, त्यावर २५ मिमीचा पंखा, म्हणजे ५२ मिमी गेले. उरले ३४८. आसुसचं रॉग स्ट्रिक्स ४०९० जवळजवळ ३५८ मिमी आहे. ते बसणार नाही. आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटर ३८ मिमी जाड आहे, तिथे पंख्यासकट ६३ मिमी वजा करा.

रुंदी. हे माप फार थोडे लोक घेतात आणि त्याचा परिणाम सगळ्यात वाईट होतो. १६ पिनांचा पॉवर कनेक्टर कार्डाच्या कडेवर, काचेच्या दिशेला असतो. कनेक्टरपासून पहिले ३५ मिमी केबल सरळ राहायला हवी. कार्ड १५० मिमी रुंद असेल तर केबल धरून १८५ मिमी झाले. कॅबिनेटमध्ये ही जागा किती आहे याचा अंदाज ‘सीपीयू कूलरची कमाल उंची’ या आकड्यावरून येतो, कारण दोन्ही मापं मदरबोर्डाकडून त्याच काचेपर्यंतची. तो आकडा १७० असेल तर काच लावताना केबल दाबली जाणार. दाबलेल्या केबलमुळे कनेक्टर तिरका होतो, काही पिनांचा संपर्क कमी होतो, उरलेल्या पिनांवर जास्त प्रवाह येतो आणि प्लास्टिक वितळतं. कनेक्टर पूर्ण आत गेला आहे का, हे दोन्ही बाजूंनी डोळ्यांनी बघा. कार्ड आणि कनेक्टर यांच्यात फट दिसता कामा नये.

जाडी. साडेतीन स्लॉटचं (मदरबोर्डाच्या साडेतीन खाचांएवढं जाड) कार्ड आणि तळाचे पंखे यांच्यात निदान २० ते ३० मिमी मोकळी जागा हवी. कार्ड उभं लावण्याची किट घेताना हाच मुद्दा येतो. उभ्या कार्डाचे पंखे काचेला चिकटून राहिले तर त्यांना हवाच मिळत नाही. काचेपासून ४० मिमी तरी अंतर राहत नसेल तर उभं लावण्याचा विचार सोडून द्या, दिसायला कितीही छान असो.

छताला रेडिएटर लावायचा असेल तर त्याची लांबी त्याच्या नावावरून ठरवू नका. ३६० चा (१२० मिमीच्या तीन पंख्यांचा) रेडिएटर दोन्ही टोकांच्या टाक्यांसकट ४०० मिमीच्या आसपास भरतो, ४२० चा (१४० च्या तिनांचा) ४६० च्या आसपास. शिवाय पंखा आणि रेडिएटर मिळून उंच रॅमला किंवा मदरबोर्डाच्या वरच्या हीटसिंकला टेकतात का, तेही बघा. प्रोसेसरची आठ पिनांची केबल रेडिएटर बसवण्याआधीच लावून घ्या. नंतर बोटं जात नाहीत.

हवेवरचा कूलर की लिक्विड?

फक्त गेमिंग असेल आणि प्रोसेसर ९८००एक्स३डी सारखा असेल तर दोन टॉवरचा चांगला एअर कूलर पुरतो. नॉक्टुआ एनएच-डी१५ ची उंची १६५ मिमी, थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई ची १५५. पंप नाही, द्रव नाही. बिघडला तर एक पंखा बिघडतो आणि तो बदलता येतो. १४९००के सारखा प्रोसेसर घेऊन रेंडरिंग किंवा कंपायलिंगही करायचं असेल तर ३६० किंवा ४२० चा एआयओ घ्या. दोघांच्या मधलं काम असेल तर आमचं मत एअर कूलरच्या बाजूनं.

कस्टम लूप (सुटे भाग आणून स्वतः जोडलेलं लिक्विड कूलिंग) हवाच असेल तर एक नियम मोडू नका: प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एका लूपमध्ये नको. दोन धातू आणि द्रव एकत्र आले की ॲल्युमिनियम गंजत जातं आणि ब्लॉकच्या बारीक खाचा तुंबतात.

एआयओ कुठे लावायचा यावर मात्र थोडं थांबायला हवं. प्रत्येक एआयओत थोडी हवा असते, आणि वर्षानुवर्षं नळ्यांतून द्रव झिरपत गेल्यावर ती वाढते. हवा नेहमी सर्वात उंच जागी जाते. ती जागा रेडिएटरची वरची टाकी असेल तर काही बिघडत नाही. ती पंपात आली की गुळण्या केल्यासारखा आवाज येतो, तापमान चढतं आणि पंप लवकर झिजतो. म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असलाच पाहिजे. छताला लावणं सर्वात निर्धास्त. पुढे लावायचा तर नळ्या पुरत असतील तेव्हा त्यांची तोंडं खाली ठेवा. तळाला कधीच नको.

छताला लावून पंखे हवा बाहेर फेकतील असे ठेवा. यात प्रोसेसरला कार्डाची कोमट हवा मिळते आणि तो काही अंश जास्त गरम राहतो, हे खरं. पण रेडिएटर पुढे लावून हवा आत घेतली तर प्रोसेसरनं तापवलेली हवा कार्डाकडे जाते, आणि गेमिंगमध्ये अडचण कार्डाची असते.

पंखे

पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. जोडणी करताना प्रत्येक पंखा एकदा फिरवून समोर टिश्यू पेपर धरा; उलटा लागलेला पंखा लगेच कळतो.

एअर कूलर असेल तर पुढे १४० चे तीन आत, मागे एक बाहेर, एवढं पुरतं. छतावर आणखी लावायचाच तर मागच्या अर्ध्या भागात लावा. छताच्या पुढच्या टोकाला बाहेर फेकणारा पंखा लावला तर पुढून नुकतीच आलेली थंड हवा कूलरपर्यंत पोचण्याआधीच तो ओढून घेतो. अशा जागा रिकाम्या ठेवणं चांगलं.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. मग हवा फटींतून बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टरवर जमते. छताला तीन पंख्यांचा रेडिएटर असेल तर त्या पंख्यांचा वेग पुढच्यांपेक्षा कमी ठेवून हे साधता येतं.

आवाजाचं गणित जास्त आणि संथ पंख्यांच्या बाजूनं आहे. तसाच दुसरा पंखा जोडला की आवाज ३ डेसिबलनं वाढतो, पण वेग निम्मा केला की साधारण १५ डेसिबलनं उतरतो.

मदरबोर्डावरचा पंख्याचा एक हेडर (वायर जोडायच्या पिना) सहसा १ अँपिअरपर्यंतच भार झेलतो. एका हेडरवर दोन-तीन पंखे चालतात, त्याहून जास्त असतील तर पॉवर सप्लायच्या साटा केबलवर चालणारा हब (अनेक पंखे जोडायची पेटी) घ्या. दिव्यांच्या बाबतीत ५ व्होल्टची तीन पिनांची आणि १२ व्होल्टची चार पिनांची जोडणी वेगळी ओळखा. पाच व्होल्टचे दिवे बारा व्होल्टवर लावले की ते कायमचे जातात.

बसवताना

कूलरच्या कोल्ड प्लेटवरची (प्रोसेसरला टेकणाऱ्या भागावरची) पारदर्शक फिल्म काढा. थर्मल पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी पुरते. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरवर ती पातळ पसरून लावली तर कोपरेही सुटत नाहीत. चारही स्क्रू समोरासमोरचे, दोन-दोन वेढ्यांनी आळीपाळीनं आवळा. पंपाची वायर पंपाच्या हेडरवर लावा आणि बायॉसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) तो पूर्ण वेगावर ठेवा. ती सीपीयू-फॅन हेडरवर गेली आणि तिथे पंख्याचा कर्व्ह (तापमानानुसार वेग ठरवणारी सेटिंग) चालू असला तर प्रोसेसर थंड असताना पंप मंदावतो. सीपीयू-फॅन हेडर पूर्ण रिकामा ठेवला तर अनेक बोर्ड सुरू होतानाच पंखा सापडत नसल्याची तक्रार करतात, म्हणून तिथे रेडिएटरचे पंखे जोडा.

कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालवू नका. प्रोसेसर एका क्षणात २० अंश उडी मारतो आणि पंखे सतत वरखाली होत राहतात. फॅन कंट्रोलसारख्या सॉफ्टवेअरमधून ते कार्डाच्या तापमानाला बांधा.

तपासणी

खोलीचं तापमान लिहून ठेवा. एखादा जड गेम अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड, कार्डाची मेमरी आणि प्रोसेसर यांचे आकडे नोंदवा. मग बाजूची काच काढून तेच पुन्हा करा. कार्ड तीन-चार अंशांनीच उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा खेळती आहे. आठ-दहा अंशांनी उतरलं तर हवा कोंडते आहे. काच परत लावून पुढचं पॅनल काढा; तेवढ्यानं फरक पडला तर दोष जाळीचा किंवा फिल्टरचा, नाही पडला तर पंख्यांची मांडणी बदला.

प्रोसेसर काही सेकंदांतच कमाल तापमानाला भिडत असेल तर हवेचा संबंध नाही. फिल्म राहिली आहे, स्क्रू सैल आहेत किंवा पंप बंद आहे. पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत असेल तर रेडिएटरला गरम हवा मिळते आहे. रायझन ७०००चे मोठे प्रोसेसर मात्र पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. तिथे तो आकडा दिसला म्हणून कूलर बदलायची गरज नाही.

सगळं नीट असूनही कार्डाचा आवाज जास्त वाटला तर त्याची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणून बघा. वेग जेमतेम काही टक्क्यांनी कमी होतो, उष्णता मात्र शंभर वॅटच्या आसपास घटते. फिल्टर महिन्या-दोन महिन्यांनी धुऊन पूर्ण वाळल्यावरच लावा, आणि आतली धूळ हवेच्या झोतानं उडवताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो मर्यादेपेक्षा जोरात फिरून बेअरिंग खराब होतं.