आधी विदिशा, मग सांची

ग्वाल्हेरहून निघालेली मंडळी बहुतेक थेट सांचीच्या टेकडीवर जातात, मोठ्या स्तूपापुढे फोटो काढतात आणि संध्याकाळी भोपाळ गाठतात. माझा आग्रह वेगळा आहे. ज्या शहराच्या पैशावर हा स्तूप सजला, ते शहर आधी बघा. सांची ही भिक्खूंची टेकडी, शहर होतं विदिशा. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली वडीलधारी माणसं त्याला भेलसाच म्हणतात. शिंदे सरकारच्या मुलखातलं गाव ते, नाव बदललं १९५६ साली. सांची मात्र भोपाळ संस्थानात होती.

निघताना वार बघा. सांचीचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, विदिशाचं सोमवारी. झाशी-बीनावरून भोपाळकडे जाणारी आणि विदिशाला थांबणारी पहाटेची गाडी धरा. सांचीला फार थोड्या गाड्या थांबतात, आणि विदिशाहून ती जेमतेम दहा किलोमीटर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी बुद्धाचे पट्टशिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी दर्शनाला ठेवतात. तेव्हा गर्दी असते, पण ती गर्दी भक्तीची, मला ती आवडते. डब्यात धपाटे आणि दाण्याची चटणी असली की दुपारची चिंता नाही.

स्टेशनबाहेर ऑटोवाल्याला ‘बेसनगर’ सांगू नका, ‘खाम बाबा’ म्हणा. बेसनगर म्हणजे जुनी विदिशा, बेस आणि बेतवा या नद्यांच्या बेचक्यात हे शहर होतं. आता शेतं आणि मातीचे उंचवटे दिसतात, भग्न वाडे शोधत बसू नका. बेस ओलांडली की एकटा दगडी खांब उभा आहे, तोच खाम बाबा. तक्षशिलेचा ग्रीक वकील, म्हणजे राजदूत, हेलिओदोर याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वासुदेवासाठी उभारलेला हा गरुडध्वज. इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८७७ मध्ये तो पाहिला, पण शेंदराच्या जाड थराखालचा लेख त्याला दिसला नाही. पुढे आपल्या पुरातत्त्वज्ञ देवदत्त भांडारकरांनी १९१३ ते १९१५ या काळात इथे उत्खनन केलं. खांब बौद्ध नाही, तरी चुकवू नका. इतक्या लांबचा वकील जिथे येऊन राहतो, त्या शहरात व्यापाऱ्यांचा पैसा किती खेळत असेल, हे इथे उभं राहिल्यावर कळतं. मग विदिशाच्या संग्रहालयात नदीत सापडलेला भलाथोरला यक्ष बघा आणि सांचीकडे वळा.

आता खरं काम. मोठ्या स्तूपाच्या दगडी कठड्यापाशी सावकाश चाला, प्रदक्षिणा उजवी घालायची. खांबांवर, आडव्या पट्ट्यांवर ब्राह्मी या जुन्या लिपीतल्या एकेक ओळी कोरलेल्या आहेत. ऊन तिरपं असताना त्या उठून दिसतात, म्हणून शक्य तर मुक्काम करून सकाळी लवकर या. ओळीचा शेवट बघा. उलट्या टी सारखं अक्षर, म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, हा ‘न’. त्याच्या शेजारी टिंब, आधी ‘दा’. झालं ‘दानं’. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाला ब्राह्मी वाचायची किल्ली मिळाली ती याच लेखांच्या शेवटावरून. अशी शेकडो नावं आहेत: भिक्खुणी, गृहिणी, श्रेष्ठी, कुणी उज्जैनचं, कुणी माहिष्मतीचं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं, तसंच हे. मुलं बरोबर असतील तर त्यांना ‘दानं’ शोधायला लावा, बघता बघता तास जातो.

दक्षिणेच्या तोरणाच्या डावीकडच्या खांबावर तर विदिशाच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे नक्षीकाम केल्याचं लिहिलंय. ते वाचून मग कोरीवकाम पाहा. इतकी बारीक सुरी दगडावर कशी चालली, त्याचं उत्तर तिथेच आहे.

पूर्वेच्या तोरणाची मधली तुळई डावीकडून उजवीकडे वाचा. घोडा वाड्याबाहेर निघालाय, वर छत्र धरलंय, पाठीवर कुणीच नाही. तोच घोडा पुन्हा, पुन्हा. उजव्या टोकाला दगडात दोन पावलं आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला त्याचा सारथी छन्न. सिद्धार्थाचं महाभिनिष्क्रमण, म्हणजे घर सोडून जाणं, आहे हे. तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात दाखवलेलाच नाही. पाऊल, चक्र, बोधिवृक्ष, रिकामं आसन यांतून तो ओळखायचा.

बाकी मठ, मंदिरं चालता चालता बघून होतात. पण पश्चिमेकडे खाली उतरून स्तूप क्रमांक २ पर्यंत नक्की जा. बरेच जण परतीची चढण नको म्हणून टाळतात आणि कठड्यावरची सांचीतली सर्वांत जुनी गोल शिल्पं बघायची राहतात. गुडघे दुखत असतील तर आधी हा स्तूप बघून मग बाकीचं करा.

घरी ग्वाल्हेरला परतल्यावर किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालातल्या संग्रहालयात जा. बेसनगरच्या खोदकामातल्या वस्तू तिथे आहेत. तेही सोमवारी बंद.