पेट्राची पहिली एलपी संगणकावर उतरवताना
अमेरिकेतल्या पेट्रा या ख्रिस्ती रॉक बँडचा पहिला अल्बम 1974 साली मिर्ह रेकॉर्ड्सने काढला. त्याची जुनी एलपी, म्हणजे विनाइलची मोठी तबकडी, हाती लागली, तर आधी ती धुवा. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल. लेबल कोरडं ठेवा, तबकडी उभी वाळवा.

गती मिनिटाला 33⅓ फेरे. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) माहितीपत्रकावर असेल तेवढाच, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. भार कमी ठेवला की रेकॉर्ड कमी झिजते, हा निव्वळ गैरसमज. सुई उडते आणि खाचच कुरतडते.

खरी गफलत जोडणीत होते. एलपीच्या खाचा कापताना बेस (खालचे सूर) दाबतात, ट्रेबल (वरचे सूर) चढवतात. फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारं उपकरण, ते उलटवतो. त्याला वगळून टर्नटेबल थेट संगणकाच्या लाइन-इनला (आवाज आत घेणाऱ्या खाचेला) जोडलं, की आवाज किरटा येतो आणि बेस गिटार गायब! दोन प्रीअँप एकापुढे एक लागले, तर आवाज फाटतो. घूंऽऽ ऐकू आलं, तर टर्नटेबलची अर्थिंगची तार प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट आवळा.

रेकॉर्डिंग 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर. मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मूळ फाइल फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फाइल-प्रकारात) जपा. खरखर काढणारा फिल्टर हलक्या हाताने वापरा, स्नेअर ड्रमचा फटकाही तो खरखर समजून खातो.